आधी तो पेपर घरी आणा

पत्र: बाई, मी भांडुपला राहते. मुलगी मुलुंडच्या एका अनुदानित मराठी शाळेत पाचवीत आहे. शिष्यवृत्तीची तयारी जूनपासून चालू आहे. सकाळी सातला ज्यादा तास, दर शनिवारी सराव पेपर. चित्रकलेचा आणि पीटीचा तास त्यातच गेला. परवाच्या सराव परीक्षेत तिला ३०० पैकी ९६ पडले, पहिल्या पेपरात ६२ आणि दुसऱ्यात ३४. वर्गशिक्षिकेने बोलावून सांगितलं, हिचा फॉर्म भरू नका, शाळेचा निकाल खाली येतो. आणि पाचवीला आता नापास करतात, तिकडेच लक्ष द्या. मुलगी शुक्रवारी रात्री जेवत नाही. सासऱ्यांना चौथीत शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यांना फॉर्म भरायचाच आहे. मिस्टर म्हणतात, स्पर्धेचं युग आहे, आत्ता सोडलं तर पुढे काय करणार? माझी नणंद न्यूजर्सीला असते. ती म्हणते, तिकडे पालक अशा परीक्षांना मुलांना पाठवतच नाहीत, तूही पाठवू नकोस. मला तर वाटायला लागलंय की या परीक्षा बंदच व्हायला हव्यात. काय करू?

ताई, तुम्ही दोन पेपरांचे गुण वेगवेगळे लिहिलेत म्हणून मला नीट उत्तर देता येतंय. नुसत्या ९६ वरून मला काहीच कळलं नसतं.

शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न असतात, प्रत्येकाला २ गुण, वेळ दीड तास. म्हणजे पहिल्या पेपरात तुमच्या लेकीची ३१ उत्तरं बरोबर आली आणि दुसऱ्यात १७. आता बघा, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. एखाद्या मुलाने प्रश्न न वाचता नुसते गोळे रंगवले तरी ७५ पैकी अठरा-एकोणीस बरोबर येतात. सतरा हा आकडा त्याच्याही खालचा आहे. अजिबात काही येत नसतं तरी तिला एवढे गुण पडले असते. त्यामुळे दुसऱ्या पेपरात तिला काय येतं आणि काय येत नाही हे त्या ३४ वरून कोणालाच सांगता येणार नाही. तिच्या वर्गशिक्षिकेलाही नाही. तिथे दुसरंच काहीतरी घडलंय. शेवटचे पंधरा-वीस प्रश्न कोरे राहिले असतील. एक प्रश्न सोडला आणि उत्तरपत्रिकेवर ओळ चुकली, मग पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकली, असंही झालं असेल. पाचवीच्या मुलांचं हे फार होतं. किंवा आदल्या रात्री न जेवलेलं पोर दुपारच्या पेपरापर्यंत दमून गेलं असेल. दुसरा पेपर इंग्रजी आणि बुद्धिमत्तेचा. तुमच्याकडे इंग्रजी घरात बोलत नसाल, तर त्या पंचवीस प्रश्नांत ती कदाचित वाचण्यातच अडकली असेल. एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. दहा वर्षांच्या मुलीला ते कमी पडतात.

म्हणून सगळ्यात आधी शाळेतून तो पेपर आणि तिची उत्तरपत्रिका घरी आणा. नुसते गुण नकोत, प्रत्यक्ष कागद हवा. सराव पेपर आहे, तो मुलांना परत मिळायलाच हवा. नाहीतर सराव कशाचा केला? शाळा देत नसेल तर लेखी मागा.

रविवारी सकाळी, चहा-पोहे झाल्यावर, तुम्ही दोघीच बसा. आजोबा आणि बाबा तेवढा वेळ बाहेर गेलेले बरे. चुकलेले आणि कोरे राहिलेले प्रश्न तिला पुन्हा सोडवू द्या, घड्याळ न लावता. प्रत्येक प्रश्नाला "हे कसं केलंस?" एवढंच विचारा. अर्ध्या तासात तुमच्या लक्षात येईल की काही प्रश्न तिला मुळात येतच नव्हते, काही येत होते पण भाषा कळली नाही, आणि काही आता झटकन सुटतात, म्हणजे तेव्हा वेळ किंवा धीर संपला होता. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. जे येत नाही ते शिकवावं लागतं, आणि शिकवताना पेपर बंद ठेवायचा असतो. अपूर्णांक कळला नसेल तर आणखी दहा सराव पेपर सोडवून तो कळत नाही, भाकरीचे चार तुकडे करून कळतो. भाषा अडत असेल तर वाचन वाढवायचं. आणि वेळ पुरत नसेल तर एवढंच शिकवायचं की अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं, आणि दर दहा प्रश्नांनी उत्तरपत्रिकेवरचा नंबर ताडून बघायचा.

बसल्याबसल्या आणखी एक करा. दुसरीच्या मराठीच्या पुस्तकातला एखादा धडा तिला मोठ्याने वाचायला सांगा. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये आपल्या मुंबईच्याच वस्त्यांमधून उभी राहिली. तिच्या प्रेरणेने २००५ पासून देशभरातल्या खेड्यांत 'असर' ही पाहणी होते आणि तीत असंच करतात: मुलाच्या घरी जायचं, एका पानावरची अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला द्यायची. मूल कुठे अडकतं ते काही मिनिटांत कळतं. मला ही चाचणी फार आवडते, कारण ती झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते शिक्षकाच्या हातात येतं.

तिथे ती सहज वाचत असेल तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. पण अडखळत असेल, ओळी गळत असतील, अक्षरांची अदलाबदल होत असेल, तर ओरडू नका, शिकवणीही बदलू नका. सायन किंवा दुसऱ्या एखाद्या महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, तिथे न्या. मी तिच्याबद्दल काही ठरवत नाही, पत्रावरून ते ठरवता येत नाही. एवढंच सांगते की तिथे होतात त्याही प्रमाणित, म्हणजे सगळ्यांना एकाच ठरलेल्या पद्धतीने घ्यायच्या, चाचण्याच असतात. बुद्धिमापनाची पहिली उपयोगी चाचणी १९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमाँ यांनी तयार केली, ती वर्गात मागे पडणारी मुलं शोधून त्यांना जास्तीची मदत मिळावी म्हणून. आपल्याकडे डॉ. कामत यांनी १९३० च्या दशकात तीच चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत या नावाने ती आजही वापरात आहे. माझ्या एका विद्यार्थ्याची अशी तपासणी सातवीत झाली. दहावीला त्याला जादा वेळ आणि लेखनिक मिळाला. त्याआधी सहा वर्षं आम्ही शिक्षक त्याला आळशी म्हणत होतो.

आता तुमच्या पत्रात दोन परीक्षा एकमेकींत गुंतल्या आहेत आणि तिसरी राहूनच गेली आहे, त्या सोडवते.

शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते आणि ती ऐच्छिक आहे. आधी ती चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं आहे. तीत कमी गुण पडले म्हणून कोणीही कुठल्याही वर्गात मागे राहत नाही. बाई ज्याची भीती घालतात ती पाचवीची वार्षिक परीक्षा. शिक्षण हक्क कायद्याने आधी आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नव्हतं. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पण तीत राहिली तर शाळेने पुन्हा शिकवून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची असते. त्यातही राहिली तरच वर्ग रोखता येतो, आणि शाळेतून काढता तर येतच नाही. तिसरी म्हणजे वर्षात अधूनमधून होणारी पायाभूत आणि संकलित चाचणी, भाषा, गणित आणि इंग्रजीची, राज्यभरातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत. मूल कुठे आहे ते शिक्षकाला कळावं, एवढ्यासाठीच ती आहे. तिचे पेपरही बघायला मागा. तुमच्या लेकीबद्दल त्या ९६ पेक्षा जास्त माहिती त्यांत असेल.

फॉर्मचं म्हणाल तर तो शाळेमार्फत भरायचा असतो, आणि सराव परीक्षेत कमी पडले म्हणून मुलाला बसू द्यायचं नाही असा कोणताही नियम नाही. शाळेचा निकाल खाली येतो हे कारण मला फार लागलं. त्याचं कारण सांगते.

मी १९८३ साली लालबाग भागातल्या एका शाळेत शिकवायला लागले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप कागदावर चालूच होता आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील घरी बसलेले होते. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. रक्कम थोडीच होती. पण यादीत तिचा बैठक क्रमांक आला तेव्हा तिच्या वडिलांनी तो कागद दोन्ही हातांत धरून पुन्हा पुन्हा वाचला. उत्तरपत्रिकेवर नाव नव्हतं, आडनाव नव्हतं, चाळ नव्हती. आम्ही शिक्षक आडनाव ऐकून मुलाबद्दल मनात काहीतरी ठरवून टाकायचो, हे मी आज उघड कबूल करते. त्या कागदाने तसं काही ठरवलं नाही. म्हणून परीक्षा बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही. परीक्षा गेली की तिच्या जागी ओळख येते, वशिला येतो, बाईंचं मत येतं, आणि गरिबाच्या पोरीकडे दाखवायला काही उरत नाही.

पण पुढच्याच वर्षी मी काय केलं तेही ऐका. ४४ मुलांतून १४ मुलं निवडली आणि त्यांचा वेगळा शिष्यवृत्ती वर्ग घेतला. बाकीच्या तिसांना एक तास शेजारच्या वर्गात बसवत होते. हेतू वाईट नव्हता, जास्त मुलं चमकावीत आणि शाळेचं नाव व्हावं असं वाटायचं. तीन आठवड्यांनी त्या तिसांतला एक मुलगा दप्तर घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाई, मी ढ आहे ना?" त्याने विचारलं नव्हतं, खात्री करून घेतली होती. मी काहीतरी थातूरमातूर बोलले. तो मुलगा नंतर माझ्या तासाला कधी हात वर करायचा नाही. मी बत्तीस वर्षं शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत त्या एका गोष्टीची भरपाई मला करता आली नाही. तुमच्या लेकीच्या बाईंवर मी राग धरत नाही. त्यांच्यावर वरून काय दडपण आहे ते मला माहीत आहे. पण "हिचा फॉर्म भरू नका" हे वाक्य मुलीच्या कानावर गेलं असेल, तर ती शुक्रवारी का जेवत नाही ते मला कळतं.

तुमच्या नणंदेच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते तिकडचं आहे. अमेरिकेत २००२ मध्ये एक कायदा आला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचनाची आणि गणिताची सक्तीची परीक्षा, आणि गुण वाढले नाहीत तर शाळेवर कारवाई. कॅम्पबेल नावाच्या तिथल्याच मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच बजावून ठेवलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय टांगावेत तितका तो आकडा नासतो, आणि ज्या कामाची मोजणी करायची ते कामही नासतं. तसंच झालं. अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांची चुकलेली उत्तरं खोडून बरोबर केल्याचं २०११ च्या चौकशीत उघडकीला आलं; ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं त्यात होती, आणि २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. त्याच वर्षी न्यूजर्सीच्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात साधारण पाचव्या हिश्शाच्या मुलांना पालकांनी त्या परीक्षांना पाठवलं नाही. त्यांचा नकार शाळांना शिक्षा करणाऱ्या सक्तीच्या परीक्षेला होता. तुमच्यासमोर ऐच्छिक परीक्षा आहे, आणि तुम्ही नकार दिलात तर तो फक्त तुमच्या मुलीला लागू होईल. शाळेला तर तेच हवं आहे. मुलीला मात्र त्यातून एकच कळेल, की आईलाही बाईंचं म्हणणं पटलं.

मिस्टरांशी वाद घालू नका. त्यांना दहावीचे चार निकाल दाखवा. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले, निकाल ७७.१० वर आला. अंतर्गत गुण परत आले, कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३०. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. मुलं तशीच, शिक्षक तेच. मोजायची पद्धत बदलली की आकडा एवढा हलतो. २०१९ च्या मुलांनी किती रडारड पाहिली ते मी शेजारीपाजारी बघितलंय. अकरावीच्या यादीत ती मुलं आयसीएसई आणि सीबीएसईच्या मुलांसमोर उभी होती. स्पर्धा आहे हे मिस्टर म्हणतात ते बरोबरच आहे. पण दहाव्या वर्षी एका शनिवारच्या आकड्यावर पोरीची किंमत करायला घेतली, तर खऱ्या स्पर्धेपर्यंत ती दमून जाईल. त्यांच्याकडून एक मागा: शनिवारी लोकलमधून उतरून घरी आल्यावर "किती पडले?" हा पहिला प्रश्न नको.

सासऱ्यांचा मात्र उपयोग करून घ्या. त्यांच्या वयाच्या माणसांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ केलेले असतात. तुमच्या लेकीच्या गणिताच्या पन्नास प्रश्नांत अपूर्णांक येणारच. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पंधरा मिनिटं आजोबांनी नातीला पावकी आणि निमकी शिकवावी, वाण्याकडच्या पाव किलोचा, अर्धा लिटर दुधाचा हिशेब तिला करू द्यावा. "आमच्या वेळी" हे शब्द न वापरता. त्यांना चौथीत काय अवघड गेलं होतं ते त्यांनी तिला सांगितलं तर फारच चांगलं. ज्याला शिष्यवृत्ती मिळाली त्या आजोबांचंही कधी चुकत होतं, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नसणार.

शाळेत एकट्याने भांडू नका. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेला आणखी चार-पाच आयांना घेऊन जा. तुमच्यासारख्या त्या वर्गात नक्की आहेत, फक्त बोलत नाहीत. बाईंविरुद्ध तक्रार नको, मागणी करा. चित्रकलेचा आणि खेळाचा तास परत वेळापत्रकात यावा. शिष्यवृत्तीचा तास शाळेआधी किंवा नंतर घ्या, त्या दोन तासांच्या जागी नको. सराव पेपर दर शनिवारऐवजी महिन्यातून दोनदा घ्या, आणि प्रत्येक पेपर तपासून, चुका समजावून मुलांना परत द्या. गुण वर्गात वाचून दाखवू नका आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आणि ज्याला बसायचं आहे त्या प्रत्येक मुलाचा फॉर्म भरला जावा. यातलं पहिलं मान्य व्हायला वेळ लागेल, मुख्याध्यापकांना निकालाची काळजी असते. गुण ग्रुपवर न टाकण्याचं मात्र त्याच सभेत मान्य होऊ शकतं, त्यावर अडून राहा.

आता फॉर्मचं. माझं मत, भरा. पण तिला विचारून भरा. रविवारी पेपर उघडून झाल्यावर, चुका तिला स्वतःला दिसल्यावर विचारा, त्याआधी नाही. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे १५० पैकी ६० लागतात; पहिल्या पेपरात तिचे ६२ आहेत. हे तिला सांगा, बहुतेक कोणी सांगितलेलं नाही. त्यानंतरही ती नको म्हणाली तर तिचं ऐका, आणि घरात कोणालाही त्यावरून बोलू देऊ नका. हो म्हणाली तर सकाळी सातचा ज्यादा तास आठवड्यातून तीनच दिवस, आणि शुक्रवारी रात्री तिच्या आवडीचं जेवण, अभ्यास नाही.

आणि ताई, पेपर हातात आला की मला एका ओळीत कळवा: दुसऱ्या पेपराच्या उत्तरपत्रिकेत ५५ पासून ७५ पर्यंतचे गोळे रंगवलेले आहेत, की कोरे.